एकाच डोळ्याचे दोन कागद

गेल्या श्रावणात पारोळ्याकडचा एक शेतकरी दुकानात आला. बसायच्या आधीच त्याने बंडीच्या खिशातून दोन कागद काढून काउंटरवर ठेवले. पारोळा धुळे आणि जळगावच्या मध्ये पडतं, त्यामुळे तिकडच्या माणसाला दवाखाना दोन्ही गावांचा चालतो. एक कागद धुळ्याचा, एक जळगावचा, मध्ये दोन महिने गेलेले. धुळ्याच्या कागदावर उजव्या डोळ्यापुढे लिहिलं होतं: +1.00, −1.50, 180. जळगावच्या कागदावर त्याच डोळ्यापुढे: −0.50, +1.50, 90.

"एकमा प्लस लिखेल शे, दुसरामा मायनस," तो म्हणाला. "आते खरं कोनतं, भाऊ?"

धुळ्याच्या कागदावरून चष्मा बनून झाला होता. जळगावला दिलेल्या मुलीने सहज म्हणून बापाचे डोळे पुन्हा तपासून घेतले, तेव्हा हा दुसरा कागद हाती आला. आपल्याला चुकीचा चष्मा गळ्यात मारला, अशी त्याची खात्री झाली होती. मी म्हटलं, "दोन्ही खरे आहेत. बसा, चहा सांगतो." दोन्ही खरे म्हटल्यावर त्याचा माझ्यावरचाही भरवसा उडाला, हे मला दिसलं.

त्याचा दोष नाही. या कागदावर जेवढे रकाने आहेत तेवढी शतकं आहेत, आणि ती एकाखाली एक कोंबलेली आहेत. मला ती उलगडायला बरीच वर्षं लागली.

मी 1974 साली, मॅट्रिकला गणितात गटांगळी खाल्ल्यावर, धुळ्यात आग्रा रोडलगतच्या गल्लीत एका चष्म्याच्या दुकानी काचा घासायला लागलो. धुळे हे तसं नंबरांचं गाव. इंग्रजांनी 1818 साली खानदेश घेतला, कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याला मुख्य ठाणं केलं आणि पांझरेकाठी नवी वस्ती आखून दिली. जुन्या भागातल्या गल्ल्या अजून नंबरानेच ओळखतात: दोन नंबर, चार नंबर, पाच नंबर. गावाला लागून तीन नंबरचा आणि सहा नंबरचा हायवे एकमेकांना छेदतात. सरकारने त्यांचे आकडे कधीच बदलले, लोक मात्र जुनेच सांगतात. अशा गावात डोळ्यालाही नंबर लागतो याचं मला नवल वाटायचं कारण नव्हतं. शाळेत नंबर लागला की पेढे, डोळ्याला नंबर लागला की रडं, एवढंच.

नवल वाटायला लावलं ते मास्तरांच्या पेटीने. दुकानाचे मालक वेगळे; काम शिकवणारे हे मास्तर. त्यांच्या टेबलाखाली सागवानी लाकडाची एक जुनी ट्रायल पेटी होती. आत मखमलीच्या खाचांतून जोडीजोडीने काचा उभ्या, प्रत्येकीला पितळी कडं, कड्यावर आकडा: 40, 30, 24, 20, 16, 12, 10. मी आपला सरळ हिशेब केला, चाळीस नंबर म्हणजे सगळ्यांत जाड. काढून बघितली तर चाळीसची काच जवळजवळ खिडकीच्या तावदानासारखी, आणि दहाची मधोमध फुगलेली. मास्तरांनी मला पेटी घेऊन ओट्यावर उन्हात बसवलं. म्हणाले, कागदावर सूर्य गोळा कर आणि काचेपासून कागदापर्यंत फूटपट्टी लाव. दहाच्या काचेने दहा इंचांवर, म्हणजे वीतभरापेक्षा जरा जास्त अंतरावर, कागदाला भोक पाडलं. चाळीसच्या काचेचा कवडसा गोळा व्हायला हात पुरेना. दुसऱ्या पोराला कागद धरायला लावला तेव्हा चाळीस इंचांवर तो जमला, आणि तोही कागद नुसता कोमट करण्यापुरता.

जुना नंबर म्हणजे एवढंच होतं: ऊन किती इंचांवर गोळा होतं. काच जितकी जोरकस तितका आकडा लहान. यात दोन पंचाईती होत्या. इंच सगळीकडे एक नव्हता; पॅरिसचा इंच इंग्रजी इंचापेक्षा मोठा. आणि दोन काचा एकावर एक ठेवल्या की बेरीज अपूर्णांकांची करावी लागे: चाळीस आणि चाळीस मिळून ऐंशी होत नाहीत, वीस होतात. माझ्यासारख्या गणितात नापास झालेल्याला ते पटायला आठवडा लागला. 1872 साली मोनोये नावाच्या फ्रेंच डॉक्टरने यावर तोडगा सुचवला. इंच सोडा, मीटर धरा, आणि अंतर लिहिण्याऐवजी अंतराने एकाला भागून जे येईल ते लिहा. एका मीटरवर ऊन गोळा करणारी काच ती एक डायॉप्टर, अर्ध्या मीटरवर करणारी ती दोन. मग जोर वाढला की आकडा वाढतो आणि बेरीज शाळेतल्यासारखी होते. मीटर म्हणजे जवळपास चाळीस इंच; म्हणून जुन्या आकड्याने चाळिसाला भागलं की नवा आकडा मिळतो. चाळीसचा एक, वीसचा दोन, दहाचा चार. मास्तर हा भागाकार पानाला चुना लावता लावता करत. आपण अजून 'पॉवर' कमी आणि 'नंबर' जास्त म्हणतो, ते त्या पितळी कड्यांमुळेच असावं, असा माझा तर्क आहे.

चाळीस हा आकडा मराठी माणसाच्या डोळ्यात फार आधीपासून बसला आहे. जवळचं दिसेनासं होणं म्हणजे चाळिशी लागणं, आणि त्यावर जो चष्मा लावतात त्याचंही नाव चाळिशीच. दुखणं, औषध आणि वय तिन्हींना एकच शब्द. मला तर हा आपल्या भाषेने लिहिलेला चष्म्याचा पहिला कागद वाटतो, त्यात फक्त वयाचा रकाना भरला आहे.

चष्मा नव्हता तेव्हा माणसं काय करत, याचं उत्तर मला धुळ्यातच मिळालं. गावात समर्थ वाग्देवता मंदिर आहे. वकील शंकर श्रीकृष्ण देव यांनी 1893 साली सत्कार्योत्तेजक सभा काढली आणि पुढे रामदासी मठामठांतून हस्तलिखितं गोळा करण्यात आयुष्य घालवलं. तो ठेवा तिथे जपलेला आहे. मास्तरांनी मला एकदा तिथे बसून काम करणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांचा चष्मा पोचवायला पाठवलं. त्यांनी चष्मा नाकावर चढवला, समोरच्या पोथीवर खाली-वर केला, आणि माझ्याकडे वळून विचारलं, "दासबोध वाचलायस का रे? त्यात तुमच्या धंद्यावर लिहिलंय." मला वाटलं थट्टा करतात. त्यांनी एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास उघडून दाखवला. बोरू कसा तासावा, शाई कशी असावी, ओळी सरळ कशा ठेवाव्यात, समास किती सोडावा, असं लिहिणाऱ्याचं सगळं शास्त्र त्यात आहे. आणि मध्येच समर्थ सांगतात, की नजर चांगली आहे म्हणून तरुण वयात अक्षर फार बारीक काढू नका; म्हातारपणी ते वाचता येणार नाही; मधल्या मापाचं अक्षर काढा.

सतराव्या शतकातली गोष्ट ही. डोळ्याला काच लावायच्या ऐवजी अक्षरालाच नंबर दिलेला. त्या खोलीतली काही पानं मी त्यानंतर नीट पाहिली. अक्षर टपोरं, ठसठशीत, हातभर अंतरावरून लागणारं. लिहिणाऱ्याने तिशीत बसून साठीतल्या स्वतःची सोय करून ठेवलेली. आज फोनवर अक्षर मोठं करायला दोन बोटं फाकवणारे लोक दुकानात बघतो तेव्हा मला ती पानं आठवतात.

समर्थांच्या काळी हिंदुस्थानात चष्मा अगदीच नव्हता असंही नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातले परशुराम कृष्ण गोडे यांनी आपल्याकडच्या चष्म्याच्या इतिहासावर लेख लिहिला आहे. त्यात विजयनगरच्या व्यासरायांच्या संस्कृत चरित्रातला दाखला आहे: 1520 च्या सुमारास स्वामी चष्मा लावून पोथी वाचत. दहाच वर्षं आधी पोर्तुगीजांनी गोवा घेतलं होतं, तेव्हा वस्तू कुठून आली असेल याचा अंदाज बांधता येतो. अकबराच्या काळातलं एक चित्र पॅरिसच्या संग्रहालयात आहे. चित्रकार मीर सय्यद अलीने आपल्या बापाला, मीर मुसव्विरला, नाकावर चष्मा ठेवून काढलं आहे. सुरतेहून बुऱ्हाणपूरला जाणारी मोठी वाट तर आमच्या खानदेशातूनच जायची. इंग्रज वकील टॉमस रो 1615 साली त्याच वाटेने गेला. एखाद्या उंटाच्या खोगिरातून दोन-चार चष्मेही गेले असतील. नोंद मला सापडलेली नाही, पण मन मानत नाही.

हे सगळे चष्मे पोथी वाचणाऱ्यांचे, चित्रं काढणाऱ्यांचे. युरोपातही तसंच. इटलीत 1286 च्या सुमारास चष्मा निघाला तो फुगीर काचेचा, म्हणजे प्लसचा, म्हाताऱ्या पाद्र्यांसाठी. लांबचं न दिसणाऱ्या तरुणांसाठी खोलगट काच यायला आणखी दीडशे वर्षं गेली. 1462 साली मिलानच्या ड्यूकने फ्लॉरेन्सहून तीन डझन चष्मे मागवल्याचं पत्र आहे. त्यात एक डझन लांबच्या नजरेचे, तरुणांना लागतात ते, असं स्पष्ट सांगितलं आहे. कागदावरचं प्लसचं चिन्ह तेराव्या शतकातलं आणि मायनसचं पंधराव्यातलं, असं मी पोरांना सांगतो. पोरांना ते पटतं. त्यांच्या आयांना मायनसची काळजी वेगळीच: मुलीला बघायला पाहुणे येणार असले की चष्मा कपाटात जायचा, आणि पोरगी चहाचा ट्रे घेऊन अंदाजाने चालायची.

खेड्यापाड्यांत चष्मा पोचला तो यात्रेतून. चैत्रात एकवीरा देवीच्या यात्रेला चष्मेवाले बसायचे ते मी पाहिले आहेत. पेटी उघडी, झाकणाला आरसा, आत रांगेने चष्मे. तपासणी एवढीच, की "बाबा, वय काय?" पंचेचाळीस म्हटलं की दीड, पन्नास म्हटलं की दोन, साठीच्या पुढे अडीच-तीन. बसला नाही तर पुढचा. पांढरपेशे याला हसत, पण आकडे चुकीचे नव्हते. 1864 साली डॉन्डर्स या डच डॉक्टरने ग्रंथ लिहून दाखवलं, की डोळ्यातलं भिंग वयाबरोबर ताठर होत जातं आणि त्याला किती मदत लागेल ते वयावरून बऱ्यापैकी सांगता येतं. कागदावर खाली 'ॲड' म्हणून जो प्लसचा आकडा असतो तो हाच. तो स्वतंत्र नंबर नव्हे. लांबच्या नंबरात मिळवायची ती भर आहे. लांबचा −1.00 आणि ॲड +2.00 असेल तर वाचायला लागतं ते +1.00. ज्याला लांबचा −2.00 आहे आणि ॲडही +2.00, त्याने चष्मा काढून ठेवला की पेपर लख्ख दिसतो. असे लोक "माझी चाळिशी उतरली" म्हणून पेढे द्यायला आलेले आहेत. पेढे मी घेतो.

ॲड ठरवायला वाचायचा तक्ता असतो, त्यावर परिच्छेद लहान-लहान होत जातात. खानदेशातल्या बायांपुढे तो ठेवून मला लवकरच कळलं, की ज्यांनी कधी वाचलं नाही त्यांना या तक्त्याने काही विचारताच येत नाही. बहिणाबाई चौधरी जळगावलगतच्या आसोद्याच्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि त्यांच्या नजरेत काय काय मावत होतं ते महाराष्ट्राला माहीत आहे. मी जळगावला 1985 साली स्वतःचं दुकान टाकलं तेव्हा काउंटरखाली एक ताटली ठेवली: मूठभर तूरडाळ, त्यात चार बारीक खडे, शेजारी सुई-दोरा. डाळीचं गाव आहे, कुणाला नवल वाटलं नाही. "मावशी, खडे वेचा." चारही वेचले की ॲड बरोबर. गोधडी शिवणारी असेल तर सुईत दोरा. तक्त्यावरच्या एन-6 या बारीक परिच्छेदाशी ही ताटली बरोबर जुळते, हे मी कितीदा तरी पडताळलं आहे.

लांबच्या नजरेचं 6/6 हे सगळ्यांना पाठ असतं आणि बहुतेकांना वाटतं ते मार्क आहेत, सहापैकी सहा. वरचा सहा म्हणजे तुम्ही तक्त्यापासून सहा मीटरवर बसला आहात. खालचा आकडा म्हणजे धड नजरेचा माणूस ती ओळ किती मीटरवरून वाचेल. 6/60 म्हणजे लोकांना साठ मीटरवरून दिसतं ते तुम्हाला सहावरून. हा तक्ता स्नेलेनने 1862 साली हॉलंडात काढला. सगळ्यांत वरचं अक्षर पावणेनऊ सेंटिमीटरचं, 6/6 च्या ओळीतलं पावणेनऊ मिलिमीटरचं. धुळ्याच्या आमच्या दुकानाची लांबी दहा फूट. सहा मीटर आणायचे कुठून? म्हणून तक्ता गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे उलट्या अक्षरांचा टांगलेला आणि समोर आरसा. निरक्षरांसाठी नुसत्या ई अक्षराचा तक्ता, चारी दिशांना तोंडं फिरवलेला. मास्तर विचारत, "दाताळ्याचे दात कुठल्या अंगाला?" शेतकरी हात उचलून दाखवायचा आणि एकदाही चुकायचा नाही.

आता मधले दोन रकाने, ज्यांनी पारोळ्याच्या माणसाला घोळात पाडलं: सिलिंडर आणि ॲक्सिस. डोळ्याचं बुबुळ क्रिकेटच्या चेंडूसारखं सगळीकडून सारखं गोल असेल तर हे रकाने रिकामे राहतात. पण पुष्कळांचं ते बामणोदच्या भरिताच्या वांग्यासारखं असतं: उभा बाक वेगळा, आडवा बाक वेगळा. अशा डोळ्याला उभ्या आणि आडव्या रेघा एकाच वेळी स्पष्ट दिसत नाहीत. केंब्रिजचा खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी याच्या डाव्या डोळ्यात हा दोष होता. पुठ्ठ्याला सुईने भोक पाडून, त्यातून उजेडाचा ठिपका बघत त्याने स्वतःचा डोळा मोजला आणि 1825 साली एका बाजूनेच वळलेली काच घासून घेतली. सिलिंडरचा रकाना त्या माणसाचा. ॲक्सिस म्हणजे ती काच फ्रेममध्ये किती अंशांवर फिरवून बसवायची ते; 1 ते 180. आडवी ती 180, उभी ती 90.

या रकान्याने मला एकदा चांगलं पोळलं. नोकरीचं दुसरं वर्ष. शिरपूरकडचा एक ड्रायव्हर कागद देऊन गेला, सिलिंडर दोनचा. ॲक्सिसपुढे 18 आणि त्याच्या डोक्यावर अंशाचं बारीक वर्तुळ. घामाने शाई फुटली होती. मी ते 180 वाचलं आणि काच आडवी बसवली. चार दिवसांनी माणूस परत आला तो दाराची चौकट धरून. "जमीन वाकडी दिसस, भाऊ. गाडी चालाडू कशी?" मास्तरांनी चष्मा काढून घेतला, कागद बघितला, मला काही बोलले नाहीत. चष्मा हातभर अंतरावर धरून त्यांनी त्यातून समोरच्या दाराची उभी कड पाहिली आणि काच गाडीच्या स्टिअरिंगसारखी हळूच फिरवली. काचेतली कड कात्रीसारखी तिरकी झाली, बाहेरची सरळच राहिली. "हा सिलिंडर," ते म्हणाले. "आता सांग किती अंश खाल्लेस." अठरा. नवी काच माझ्या पगारातून गेली. तेव्हापासून कळलं, की जाणती माणसं ॲक्सिसवर अंशाचं चिन्ह का काढत नाहीत आणि दीड लिहिताना 1.5 वर न थांबता 1.50 का लिहितात. टिंब पुसलं गेलं तरी शेवटची दोन घरं पाव-पावच्या हिशेबाची, हे वाचणाऱ्याच्या ध्यानात राहतं.

हा चष्मा फिरवून बघण्याचा खेळ घरी कुणालाही करता येतो. चष्मा डोळ्यापासून लांब धरा, त्यातून खिडकीचा गज बघा, आणि चष्मा डावी-उजवीकडे हलवा. गज चष्म्याबरोबर सरकला तर मायनस, उलटा सरकला तर प्लस. मास्तर कागद हरवलेल्या गिऱ्हाइकाचा नंबर असाच काढत: जुन्या काचेवर पेटीतली उलट्या चिन्हाची काच ठेवत जायची, गज हलायचा थांबला की तोच नंबर.

एक नंबर मात्र तपासावाच लागत नसे. शिबिरातला प्लस दहा. त्या काळी मोतीबिंदू काढला की डोळ्यातलं भिंगच गेलं. त्याच्या जागी काही बसवत नसत, बाहेरून जाड चष्मा देत. गावोगाव शाळेच्या वर्गांतून शिबिरं व्हायची, सतरंज्यांवर म्हातारे-म्हाताऱ्या ओळीने निजलेल्या, डोळ्यांवर हिरव्या पट्ट्या, आणि जाताना प्रत्येकाला एकच नंबर. मास्तरांच्या जुन्या भाषेत चार इंचांची काच. त्यातून जग पाव हिश्शाने मोठं दिसे आणि जागचं हललेलं. माझी आजी पेल्यात पाणी ओतायची ते पेल्याच्या अलीकडे पडायचं. बाजूने येणारी सायकल एकदम आभाळातून पडल्यासारखी समोर उभी राहायची. आम्हाला मात्र तिचे डोळे गायीएवढे दिसत आणि आम्ही पोरं हसायचो. डोळ्यात बसवायचं भिंग लंडनला हॅरल्ड रिडलीने 1949 सालीच बसवलं होतं. आमच्या भागातल्या साध्या माणसापर्यंत ते यायला नव्वदचं दशक उजाडलं. जागतिक बँकेच्या मदतीने 1994 पासून सात राज्यांत मोतीबिंदूचा कार्यक्रम झाला, त्यात महाराष्ट्र होता. हळूहळू प्लस दहाची गिऱ्हाइकं यायची थांबली. माझ्याकडे त्या काचांचा एक खोका पडून आहे. नातू त्यातल्या काचेने मुंग्या बघतो.

आता तर मशीनपुढे हनुवटी टेकवली की दोन मिनिटांत चिठ्ठी बाहेर. त्या चिठ्ठीवर मला विश्वास कमी. ती सुरुवात म्हणून ठीक, शेवट ट्रायल फ्रेम घालून माणसाला विचारूनच व्हायला हवा. शिवाय तो कागद उष्णतेने काळा पडणारा. मे महिन्यात जळगावचं ऊन पंचेचाळीसला टेकतं. मोटारसायकलच्या टाकीवरच्या पिशवीत चिठ्ठी ठेवून आलेला माणूस माझ्यापुढे एक काळी पट्टी ठेवतो आणि म्हणतो, यावरून बनवा.

तर पारोळ्याचा माणूस. चहा झाल्यावर मी त्याचा धुळ्याचा चष्मा काचेचा नंबर मोजायच्या लेन्सोमीटरवर लावला आणि त्यालाच आत बघायला बसवलं. हिरव्या रेघांचे दोन संच एकमेकांना छेदून असतात. त्याचा हात चाकावर ठेवून मी फिरवू लागलो. "रेघा साफ झाल्या की सांगा." +1.00 वर तो म्हणाला, एक अंगाच्या झाल्या. आणखी फिरवलं. −0.50 वर दुसऱ्या अंगाच्या साफ झाल्या, पहिल्या पुसल्या.

"शेताला दोन बांध असतात ना," मी म्हटलं. "वरच्या बांधावर उभा राहून मोजणारा म्हणेल, इथून दीड उतरा. खालच्या बांधावरचा म्हणेल, इथून दीड चढा. धुळ्याच्या डॉक्टरने वरून मोजलं: प्लस एक, त्यातून दीड वजा. जळगावच्याने खालून: मायनस अर्धा, त्यात दीड मिळवा. दोघं समोरासमोरच्या बांधांवर उभे, म्हणून एकाने 180 लिहिलं, दुसऱ्याने 90. कुणाला प्लसचा सिलिंडर लावून तपासायची सवय असते, कुणाला मायनसचा. जमीन तीच."

त्याने पुन्हा डोळा लावला आणि चाक स्वतः फिरवलं, वर, खाली, पुन्हा वर. जमिनीची मोजणी त्याला माझ्यापेक्षा चांगली समजत होती.

"मंग वाचाले कसं काय दिसत नही?"

ते मी आधीच पाहिलं होतं. दोन्ही कागदांवर ॲडचा रकाना भरलेला होता, +2.25, घाईत चष्मा फक्त लांबचा बनवून घेतलेला. मी ट्रायल फ्रेम त्याच्या नाकावर ठेवली, काचा सरकवल्या, आणि डाळीची ताटली काढायला वाकलो. तो म्हणाला, राहू द्या, आपल्याला वाचता येतं. खिशातून त्याने तिसरा कागद काढला. घड्या पडून मऊ झालेला सातबारा. काउंटरवर उलगडला, बोट लावून एकेक रकाना खाली येऊ लागला. गट नंबर, क्षेत्र, हेक्टर, आर. नावावर बोट थांबलं. फ्रेम सावरून त्याने कागद उजेडाकडे केला.

"भाऊ, आठे तं मना बापनं नाव चुकेल शे."